टांग कोनं धरली?

लोहारा, यवतमाळ
१० ऑगस्ट २०२५

प्रिय दीपा,
सप्रेम जय भीम.

माझा नंबर तू ब्लॉक केलास त्याला आता चार महिने होतील. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. पत्ता आईनं दिला नाही. तिच्या मोबाईलमध्ये 'दीपा रूम पांढरकवडा' असं लिहिलेलं होतं, तिथून उतरवून घेतला. म्हणजे सुरुवातच चोरीनं आहे.

तुझा निरोप मात्र तिनं भाजी फोडणीला टाकता टाकता दिला. "विहारात हार घालून घेतला ना त्यायनं? मंग त्याच विहारात उभं राहून सांगा म्हना, का माही पोरगी ढोराची डाक्टर होय. तोवर मी लोहाऱ्याले येत नाही." वरून हेही कळलं, की ऑक्टोबरात इंटर्नशिप संपली की तू गुजरातेत कुठल्याशा डेअरीच्या नोकरीवर जाणार. म्हणजे माझ्याकडे दोन महिने आहेत. नगरपालिका अतिक्रमण काढायला यापेक्षा जास्त मुदत देते.

माझी बाजू ऐक.

नीटचा निकाल लागला त्याच संध्याकाळी मी फ्लेक्स सांगून आलो. दहा बाय आठ. तुझे मार्क पाहून एमबीबीएस पक्कं, असं मीच ठरवलं. फ्लेक्स लावणाऱ्या लोकांवर मी माझ्या रविवारच्या सदरात तीन लेख लिहिले आहेत, चौथा माझ्यावर लिहायला पाहिजे होता. 'लोहाऱ्याची लेक एमबीबीएसला!' मध्ये तुझा दहावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो आणि खाली हात जोडलेला मी, जणू निवडणुकीला उभा आहे. मग मी रोज विचारायचो, यादी कधी लागते? आणि एक दिवस जेवायला बसल्यावर तू म्हणालीस, "बाबा, तो फॉर्म मी भरलाच नाही. पशुवैद्यकचा भरला होता. नंबर लागला."

त्या वेळी मला पहिल्यांदा काय आठवलं असेल? फ्लेक्स. चौकात लागून दोन महिने झाले होते.

पुढच्या रविवारी विहारात सत्कार. अध्यक्ष म्हणाले, 'आपल्या वस्तीतली पहिली एमबीबीएस.' तू माझ्याकडे पाहिलंस. मी टाळ्या वाजवत होतो. घरी आल्यावर तुला बाजूला घेऊन म्हटलं, "आबा आहेत तोवर असू दे." तू अठरा वर्षांची होतीस. मान हलवलीस.

आबाचं तुला पाठ आहे, तरी लिहितो, कारण माझा सगळा बचाव त्याच्यावर उभा आहे. नेरजवळच्या आपल्या गावात मेलेलं ढोर ओढायचं काम आपल्या घराकडे होतं. पाटलाचा गडी वस्तीच्या तोंडाशी येऊन हाक मारायचा, आणि माझा आजा ताटावरून उठून दोर खांद्यावर टाकायचा. छप्पन साली दीक्षा घेतली. पुढच्या उन्हाळ्यात पाटलाचा बैल मेला. हाक आली. आजा जेवत होता, तो जेवतच राहिला. दोन दिवस बैल तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी वस्तीची मजुरी बंद, पिठाची चक्की बंद. आज्यानं दोर चुलीत घातला आणि घरची माणसं घेऊन यवतमाळचा रस्ता धरला. तेरा वर्षांचा आबा डोक्यावर भांड्यांचं बोचकं घेऊन बापाच्या मागं चालत होता.

अशा माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगू, की तुमची नात पुन्हा मेलेल्या ढोराजवळ बसते, आणि त्यासाठी साडेपाच वर्षं शिकली?

तेव्हा विहाराचं तेवढं राहू दे. त्याशिवाय काहीही सांग.

तुझा,
बाबा

*

२५ ऑगस्ट २०२५

प्रिय दीपा,

पत्राचं उत्तर आलं नाही, पण कात्रण परत आलं.

मला वाटलं होतं, मी मोठी तोड काढली. विहारात शंभर माणसं असतील, पेपर हजार घरांत जातो. म्हणून सदरात लिहून टाकलं: एक बाप, एक फ्लेक्स, एक पोरगी, आणि शेवटी म्हैस त्या बापाला नमस्कार करते. गाव लिहिलं नाही, नाव लिहिलं नाही. कात्रण तुला पाठवलं. शाळेत स्टाफरूममध्ये वाचून मास्तर लोक पोट धरून हसले. "कोन होय हो हा येडा बाप?" मीही त्यांच्यात हसलो.

तू त्या कात्रणावर लाल पेनानं एकच ओळ लिहिली आहेस. 'इथंही लोकांना हसवलंच. खरं कुठं सांगितलं?' तीस वर्षं मी पोरांच्या वह्या लाल पेनानं तपासल्या. इतका नेमका शेरा मला कधी जमला नाही.

मागच्या पत्रात मी 'माझी बाजू ऐक' म्हणून दोन पानं लिहिली आणि त्यात मथुराबाईचं नाव कुठंच आलं नाही. ते लिहितो.

१४ एप्रिल. मिरवणूक निघायची होती. घरात पंधरा-वीस माणसं, तू त्यांना चहा देत होतीस. चार घरं पलीकडची मथुराबाई, बकऱ्यावाली, छाती धरून दारात आली. "दीपा माय, पाह्य ना मले. छातीत गोया आल्यावानी होऊन राह्यलं." तू कप खाली ठेवलास, तिची नाडी पाहिलीस, कपाळावरचा घाम पाहिलास. मग उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, "मावशी, मी जनावरांची डॉक्टर होय. माणसांची नाही. तुम्हाला आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्यायला पाहिजे."

सगळे माझ्याकडे वळले.

आणि मी म्हटलं, "बरोबर बोलते पोरगी! आपल्या लोहाऱ्यात माणूस हायच कुठी? सारे जनावरंच!"

काय हशा पिकला. मथुराबाईसुद्धा छाती धरून हसली. त्याच भरात मी तिला म्हटलं, "गॅस असंन, ओवा खा."

तू हसली नाहीस. तू एकटीनं तिला उठवलंस, बंटीचा ऑटो थांबवलास आणि घेऊन गेलीस. हार्ट अटॅक होता. दवाखान्यात सांगितलं, अर्धा तास उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. तू तिथूनच बस पकडलीस. तुझी बॅग दुसऱ्या दिवशी आईनं पोचवली.

तू पाच वर्षं माझ्यासाठी खोटं निभावलंस. सुट्टीत आलीस की लोक एक्स-रे घेऊन यायचे, आणि तू 'मोठ्या डॉक्टरला दाखवा' म्हणून त्यांना परत पाठवायचीस. एकदाच खरं बोललीस, तेही एका बाईच्या जिवासाठी, आणि तेवढ्यात मी विनोद केला. मथुराबाई मेली असती तर लोकांनी तुझं नाव घेतलं असतं. 'डाक्टरीण घरात होती, तरी गेली.' मी तेव्हाही काहीतरी मजेशीर बोललो असतो.

विहाराचं अजून जमत नाही. खोटं कशाला बोलू?

बाबा

*

१५ सप्टेंबर २०२५

दीपा,

मी शनिवारी तुझ्याकडे येऊन गेलो. तुला माहीत नाही. आईलाही नाही, तिला सांगितलं, नेरला साहित्य संमेलन आहे.

पांढरकवड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात विचारलं. शिपाई म्हणाला, "मॅडम केळापूरच्या पलीकडं गेल्या, पोस्टमार्टेमले." एक मोटारसायकलवाला तिकडंच निघाला होता. त्याच्या मागं बसलो.

तू पाहिलं असशील, शेताच्या धुऱ्यावर किती गर्दी होती. पांढरा बैल आडवा पडलेला. घनश्याम नावाचा तो जमीनवाला ओरडत होता, "यानंच इख घातलं! परवा माह्याशी भांडला, आज बैल गेला. देतो याले पोलिसात!" आणि तो गुराखी, धावजी, मातीत बसून एकच बोलत होता, "म्या नाही घातलं जी. म्या नाही घातलं." तुमचे साहेब लिंबाखाली कागद भरत होते. तू गमबूट घालून, कोपरापर्यंत हातमोजे चढवून, बैलाच्या डोळ्याची पापणी वर करून पाहत होतीस. मी तुला कधी काम करताना पाहिलं नव्हतं. साडेपाच वर्षांत तू काय शिकतेस, हेही कधी विचारलं नव्हतं. कॉलेजात एकदाच आलो, तेही फी भरायला, आणि गोठ्याच्या वासाला नाक दाबून गेटावरूनच परतलो.

मग तू म्हणालीस, वरची टांग कोणीतरी उचलून धरायला पाहिजे, नाहीतर बरगड्या मोकळ्या होत नाहीत. बोलावलेला माणूस आलेला नव्हता. गर्दी दोन पावलं मागं सरकली. आणि त्यातले दोघं-तिघं मान फिरवून इकडंतिकडं पाहायला लागले.

ती नजर मी जन्मात पाहिली नव्हती, पण ओळखली. आबाच्या गोष्टीत पाटलाचा गडी वस्तीच्या तोंडाशी येऊन असाच पाहतो. आता ती फिरत फिरत माझ्यावर येणार, असं मला वाटलं. मी मागं झालो, कापसाच्या पऱ्हाटीत शिरलो आणि खाली बसलो. बावन्न वर्षांचा मास्तर, इस्त्रीचा शर्ट, आणि पऱ्हाटीत उकिडवा.

म्हणून मी पुढचं फटीतून पाहिलं.

तू विचारलंस, "बैल कोणाचा?"

"माहा होय जी," घनश्याम म्हणाला.

"मग टांग तुम्ही धरा."

"मी?"

"ज्याचा बैल, त्यानं टांग धरायची. हे घ्या हातमोजे. वर उचला. आणखी. ताणून धरा काका, सोडू नका."

आवाज चढवला नाहीस. पोरांना 'वही काढा' म्हणतात तसं म्हणालीस. आणि त्या माणसानं धोतराचा सोगा खोचला, हातमोजे घातले आणि आपल्या मेलेल्या बैलाची टांग खांद्याला टेकवून धरली. मी घड्याळ पाहिलं नाही, पण त्यानं दोनदा खांदा बदलला तरी तू थांबली नव्हतीस.

मग तू आतून ती तार काढलीस. बोटाएवढी, गंजलेली. वर धरून सगळ्यांना दाखवलीस. "हे पहा. चाऱ्यातून तार पोटात गेली. तिथून पडदा फाडून काळजात घुसली. बरेच दिवस दुखत असंल याला. चारा सोडला होता ना? कोणी विष घातलं नाही."

धावजी उभा राहिला. टोपी झटकून डोक्यावर घातली. लोक तारेकडे पाहत होते, आणि तेवढ्यात घनश्यामचा आवाज आला, "आता सोडू का मॅडम?"

तू म्हणालीस, "सोडा."

मी तिथंच उठून तुझ्याकडे यायला पाहिजे होतं. उठलो. पऱ्हाटीतून बाहेर निघताना एका म्हाताऱ्यानं हटकलं, "तुमी कोन जी?"

मी म्हटलं, "बियाण्याच्या कंपनीचा माणूस."

एप्रिलमध्ये वीस लोकांसमोर तुला नाकारलं. इथं तर विचारणारा एकटा होता, अनोळखी होता, आणि त्याला काही फरकही पडत नव्हता.

बाबा

*

१८ सप्टेंबर २०२५

दीपा,

आबाला सांगितलं.

बाजेजवळ बसून सगळं सांगितलं: फॉर्म, फ्लेक्स, विहार, मथुराबाई, बैल. "आबा, दीपा माणसाची डाक्टर नाही. ढोराची होय. मेलेलं ढोर फाडून पाहते." म्हातारा समजूतदारपणे हसेल, अशी मला आतून आशा होती. तो हसला नाही. भिंतीकडे तोंड करून निजला. संध्याकाळचं ताट तसंच परत गेलं. आई मला म्हणाली, "घ्या, झालं समाधान?"

सकाळी मी शाळेत निघालो तर बाजेवरून आवाज आला.

"टांग कोनं धरली म्हनलं तू?"

"घनश्याम म्हणून एक आहे. मोठी शेती आहे."

"बैल त्याचाच?"

"त्याचाच."

"अन् त्याले धराले कोन सांगतलं?"

"दीपानं."

"हाक मारली?"

"नाही आबा. काका म्हणाली. पण सांगितलं तिनंच, आणि त्यानं धरली."

तो बाजेवर उठून बसला. मग म्हणाला, "अजून एकडाव सांग."

मी शाळेला उशीर केला. तीनदा सांगितलं. दुपारी त्यानं स्वतः शेजारच्यांना सांगितलं तेव्हा घनश्यामनं चारही टांगा धरल्या होत्या आणि तू खुर्चीवर बसली होतीस. मी दुरुस्त करायला गेलो नाही.

रात्री जेवताना मात्र त्यानं विचारलं, "अन् तू कुठी होता?"

"पऱ्हाटीत."

"काहून?"

त्यानं भाकर मोडली. म्हणाला, "माहा बाप हाक आली तरी उठला नाही. तू तं हाक नसतानीच लपला."

पाच वर्षं मी ज्याचं नाव पुढं केलं, त्याला एका रात्रीचं दुखणं झालं आणि सकाळी तो उठून बसला. आबाला सोसणार नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो. सोसत नव्हतं ते मला. एमबीबीएसचा बाप म्हणून लोक नमस्कार करत, तो नमस्कार मला सोडवत नव्हता.

बाबा

*

१३ ऑक्टोबर २०२५

प्रिय दीपा,
जय भीम.

काल विहारात वर्षावासाचा समारोप झाला. पाऊणशे माणसं असतील. खिरीचं पातेलं मागं ठेवलेलं होतं, त्यामुळे कोणाचं लक्ष फार वेळ राहणार नव्हतं. मी भाषण लिहून नेलं होतं. त्यात तीन विनोद होते. उभं राहिल्यावर कागद खिशातच ठेवला.

म्हटलं, "याच जागी मी माझ्या पोरीचा सत्कार करून घेतला. ती एमबीबीएस आहे म्हणून. ते खोटं होतं. ती पशुवैद्यकला गेली, तिच्या मर्जीनं गेली. मला लाज वाटली म्हणून मी खोटं सांगितलं आणि तिलाही खोटं बोलायला लावलं. १४ एप्रिलला ती खरं बोलली, तर मी तिची टर उडवली. मथुराबाई वाचली ती तिच्यामुळे. मी तर ओवा खा म्हटलं होतं."

एवढंच. तीस वर्षं बोलण्यावर पोट भरणाऱ्या माणसाचं भाषण एवढ्यात संपेल, असं मला वाटलं नव्हतं.

कोणी चकित झालं नाही. अध्यक्ष म्हणाले, "बसा मास्तर. आमाले ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"मथुराबाई दवाखान्यातून आली तवापासून. तिनं साऱ्या वस्तीले सांगतलं. तुमी कधी सांगता, तेवढंच पाहून राह्यलो होतो."

मागून बंटी ऑटोवाला म्हणाला, "सर, तुमचा तो म्हशीचा लेख आमी स्टँडवर वाचून दाखोला. लय हासलो. पन तुमी हासाची जागा एका ठिकानी ठेवली होती, आमी दुसऱ्याच ठिकानी हासलो."

सहा महिने माझ्यावर सगळा लोहारा हसत होता आणि मी स्टाफरूममध्ये बसून लोकांवर हसत होतो. त्याचं मला फार वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की त्यांतल्या एकालाही तुझी लाज वाटली नाही.

मी खाली बसलो, तशी मथुराबाई उठली. "झालं का मास्तरचं? मंग माह्या बकरीचं विचारू का? गाभन हाय. मागच्या डावाले पिल्लू अडकलं, मरून निघालं. दीपा येईन का पाहाले?" तिच्यामागून आणखी दोघी उठल्या. एकीची म्हैस आटली आहे, दुसरीच्या कोंबड्या पटापट मरतात. खीर निवून गेली.

तू सांगितलं होतंस तेवढं झालं. ते आधीच करायला पाहिजे होतं, आणि तू सांगायच्या आधी करायला पाहिजे होतं. गुजरातच्या नोकरीचं तू ठरव. त्यात मी बोलणार नाही. यायचं की नाही, तेही तूच ठरव. आई रविवारी वांग्याची भाजी करणार आहे, तू आलीस तर आणि नाही आलीस तरी. आबानं सकाळपासून दारात खुर्ची टाकून ठेवली आहे आणि तिच्यावर कोणाला बसू देत नाही.

एक राहिलं. मथुराबाई म्हणाली, तिची ती बकरी फार लाथा झाडते, तपासताना धरायला कोणीतरी माणूस लागेल. लोक इकडंतिकडं पाहायला लागले.

मी म्हटलं, मी धरतो.

बाबा